ओढलं तर सुटेल अशी रिंग

३ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी आज सूनबाईच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "झालं. आता काय हवं ते घाला." नवं भोक जुन्या व्रणाच्या जरा बाजूला पाडलं होतं, ते छान बरं झालंय. व्रण मात्र राहणार. पाळीच्या खालच्या काठापर्यंत आलेली पांढरी रेघ, रफू केलेल्या कापडावर दिसते तशी. मी जन्मभर लोकांचे कपडे दुरुस्त करत आलेय, त्यामुळे कोणाचा टाका कसा आहे ते मला कळतं. डॉक्टरीणबाईंचा टाका चांगला आहे.

"हलकं घाला," त्या म्हणाल्या. "तार फार बारीक नको, बारीक तार हळूहळू कापत जाते. आणि पाळीला चिकटून बसणारं नको, थोडी मोकळी जागा राहू दे. घरातली छोटी आता ओढत नाही ना?"

"नाही," सूनबाई म्हणाली.

"नाही हो, मोठी झाली आता ती," मीही म्हणाले.

छोटी म्हणजे चिमणी, माझी नात. चार वर्षांची आहे. तिने ओढलं असं आम्ही सगळ्यांना सांगितलंय. डॉक्टरांना, शेजारणीला, सूनबाईच्या ऑफिसात. गेल्या वर्षी झालं होतं ते असं की चिरंजीवांचं आणि सूनबाईचं भांडण चाललं होतं, त्या झटापटीत चिरंजीवांचा हात तिच्या कानाला लागला आणि रिंग ओढली गेली. पाळी खालपर्यंत फाटली. मी पुढच्या खोलीत मशीनवर होते. त्या दिवसापासून चिरंजीव माझ्या भावाकडे, दुसऱ्या गावी आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. लहान मुलाचं नाव सांगितलं की कोणी पुढचं विचारत नाही.

परत येताना सूनबाई आपण होऊन म्हणाली, "आई, मला रिंगा घ्यायच्यात." गेल्या वर्षभरात तिने स्वतःसाठी साधा रुमालसुद्धा मागितला नव्हता. मला इतकं बरं वाटलं की भर रस्त्यात मी तिचा हात धरला. घरातली बाई नटायला लागली की घर सावरलं म्हणून समजावं, असं माझी आई म्हणायची.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भावाचा फोन आला होता.

"ताई, पोराने कानाला खडा लावलाय बघ. माझ्या गोदामात वेळेवर येतो, वेळेवर जातो. कोणाला उलटून बोलत नाही. आता किती दिवस असा परक्यासारखा राहणार तो?"

"तू कंटाळलास का त्याला?"

"कंटाळा कसला? पण त्याचं घर तिकडे आहे, बायको-पोर तिकडे आहे. एक मार्चला रविवार आहे. घेऊन येतो जेवायला. सगळं ठीक वाटलं तर महिनाअखेर सामान आणू."

मी हो म्हणाले. हो म्हणणार नाही तर काय करणार? एकुलता एक आहे. आपलेच दात नि आपलेच ओठ. तापट आहे, वडिलांवर गेलाय, पण मनाने वाईट नाही. त्याच्याबद्दल काही लिहायला बसलं की हे वाक्य येतंच, आणि आपलं आपल्यालाच हे का सांगावं लागतं ते कळत नाही.

सूनबाईला अजून बोलले नाही. तिला आईवडील नाहीत, एक मावशी आहे ती लांब आणि स्वतःच लेकाच्या दारी. तेव्हा तिला जे काही आहे ते हेच घर. शिवाय तिने रिंगा मागितल्या यावरून तिच्या मनात काय आहे ते दिसतंच आहे. जिला नवरा परत नको ती कशाला कान सजवील?

८ फेब्रुवारी, रविवार

सोनाराकडे जाऊन आलो. त्याचे कोट माझ्याकडे दुरुस्तीला येतात, म्हणून ओळख जुनी. आम्हाला बघून म्हणाला, "कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, आणि तुम्ही डॉक्टरकडे टोचून आलात. आता मी काय करायचं?" तो असा प्रत्येकाला हसवत असतो. सूनबाई कशीबशी हसली.

पहिल्या तबकात मोठमोठ्या रिंगा होत्या. तिने एक तळहातावर तोलून बघितली आणि परत ठेवली. दुसरीकडे अगदी पाळीला मिठी मारून बसणाऱ्या बारक्या होत्या. मला आवडल्या, नीटनेटक्या दिसतात. तिने एक घातली तर व्रणाची जागा चिमटली जाऊन लाल झाली. काढल्यावर पाळीवर वळ. तिसऱ्या होत्या केसासारख्या तारेच्या. मीच नको म्हणाले, डॉक्टरीणबाईंचं बोलणं लक्षात होतं. मग त्याने आतून पोकळ, हलक्या, अंगठ्याच्या नखाहून थोड्या मोठ्या अशा काढल्या. तार ना जाड ना बारीक, चांगली घासून गुळगुळीत केलेली. कानात घातल्यावर पाळीखाली छोटी मोकळी जागा राहत होती. सूनबाईने मान हलवून पाहिली, फोन कानाला लावून पाहिला, मग झोपल्यासारखं गाल तळहातावर टेकवून डोळे मिटून क्षणभर तशीच राहिली.

"टोचत नाहीत," ती म्हणाली.

मला वाटलं, झालं काम. पण तिने विचारलं, "हिचा खटका कसा आहे?"

"फिरकीचा. काय बिशाद आहे सुटायची! एक वेळ कान फा..." सोनाराने जीभ चावली.

"तसा नको. ओढलं तर सुटेल असा आहे का?"

"आलं लक्षात. घरात लहान मूल आहे."

"आहे," ती म्हणाली.

तशाच बनावटीची, पण नुसती तार एका खाचेत टेकवायची अशी जोडी त्याने आतून आणली. सूनबाईने रिंग काउंटरवर धरून बोट घालून ओढली. उघडली. पुन्हा लावली, पुन्हा ओढली. "याहून कमी जोराने उघडेल का?" सोनाराने खाच किंचित घासून दिली. मग तिने ती चांगल्या कानात घातली आणि माझ्यापुढे मान वाकवली.

"आई, ओढा."

"मी?"

"हो. ओढा."

मी हलकेच ओढली.

"असं नाही. जोरात. रागाने ओढतात तसं."

"छोटीला राग भारी येतो वाटतं!" सोनार म्हणाला. मीही हसले. डोळे मिटून झटका दिला तर रिंग अलगद माझ्या हातात आली. सूनबाईने कान चोळला, आरशात बघितला आणि म्हणाली, "याच द्या."

आई म्हणून ती किती पुढचा विचार करते, याचं मला कौतुक वाटलं. पण खरं सांगायचं तर मला ती रिंग पसंत नाही. अशी ढिली वस्तू आठ दिवसांत हरवणार. माझ्या हातचं बटण असं असतं की कापड फाटेल पण बटण निघायचं नाही. लोक त्याचेच पैसे देतात.

९ फेब्रुवारी, सोमवार

शेजारीण रिंगा बघायला आली. चांगल्या आहेत म्हणाली, वजन विचारलं, कुठून घेतल्या ते विचारलं. मग चिमणीच्या गालाला हात लावून म्हणाली, "आता मात्र ओढायचं नाही हं आईचं कानातलं!" चिमणीने लगेच दोन्ही हात पाठीमागे नेले आणि शेजारीण जाईपर्यंत तशीच उभी राहिली. पोर गुणी आहे. एकदा सांगितलं की कायमचं लक्षात ठेवते.

सूनबाई रिंगा घरातच घालते. कामावर जाताना काढून आरशाजवळच्या डबीत ठेवते आणि वर्षभर जाते तशीच केस मोकळे सोडून जाते. बसस्थानकावर ती चौकशीच्या खिडकीत बसायची. कानाचं झाल्यापासून मागच्या खोलीत वेळापत्रकं लावते. मार्चपासून पुन्हा खिडकीत बस, असं साहेब म्हणताहेत. ती "बघते" म्हणाली आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सांगून टाकलं. ती इस्त्री करत होती.

"एक तारखेला तो येतोय. माझा भाऊ घेऊन येणार आहे, जेवायला."

"किती वाजता?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "दुपारी," मी म्हणाले.

"राहणार आहेत?"

"आत्ता नुसतं भेटायला. पुढचं तुम्ही दोघं मिळून ठरवा."

"आम्ही दोघं," ती म्हणाली. चिमणीचा फ्रॉक उलटा करून तिने बाहीवर इस्त्री फिरवली, मग पुन्हा सुलटा केला. "घर तुमचं आहे, आई."

"अगं, घर माझं म्हणजे तुझं नाही का?"

"बरं," ती म्हणाली.

रडली असती तर मी समजूत घातली असती. चिडली असती तर ऐकून घेतलं असतं. या 'बरं'चं काय करायचं ते मला कळेना. पण नाही तर म्हणाली नाही. मी ते होच धरते.

नंतर ती आरशापुढे होती, मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा पाहिलं. रिंगेत बोट घालून ओढत होती. सुटली की पुन्हा घालत होती. पुन्हा ओढत होती. नव्या वस्तूचं कौतुक असतं माणसाला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

म्हटलं होतं तसंच झालं. काल संध्याकाळी सूनबाई पुढच्या खोलीत, म्हणजे माझ्या दुकानात, मला बटणं लावायला मदत करत होती, उठली आणि बघते तर एका कानातली रिंग गायब. दोघी गुडघ्यांवर बसून चिंध्यांचा ढीग चाळत बसलो. शेवटी एका पँटच्या दुमडीत सापडली.

आज ती कामावर गेल्यावर मी डबीतल्या दोन्ही रिंगा रुमालात बांधल्या आणि सोनाराकडे गेले. म्हटलं, "याला तुझी ती फिरकी बसवून दे. पक्की."

"पण त्यांनी मुद्दाम..."

"मी सांगतेय ना! सोन्याची वस्तू अशी ढिली ठेवायची का? चिमणी आता ओढत नाही."

त्याने काम छान केलं. बाहेरून कळतसुद्धा नाही, घालताना आपोआप लागते, काढतानाच फिरवावी लागते. मी घरी पोचेपर्यंत चार वाजले होते. रिंगा डबीत जशा होत्या तशा ठेवून दिल्या. सूनबाईला बोलले नाही, तिला आपोआप कळेल आणि बरं वाटेल. चिरंजीव यायच्या दिवशी तिच्या कानात नीट, घट्ट बसलेल्या रिंगा असाव्यात असं मला वाटतं. आपल्या हातून एवढं तरी व्हावं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ती आरशापुढे होती. रोजच्यासारखं बोट घातलं, ओढलं. सुटली नाही. पुन्हा ओढलं. पाळी खाली ताणली गेली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने घाईघाईने फिरकी शोधली, दोन्ही रिंगा काढून डबीत टाकल्या.

"कोणी केलं हे?"

"मी. अगं, पडत होती ना ती."

"आई," ती म्हणाली, "ती पडायलाच हवी होती."

केस मोकळे सोडले आणि कामावर गेली.

मी मशीनवर बसले. एका कोटाची बाही उसवायची होती. ती उसवता उसवता मला कळलं. सोनाराच्या दुकानात मान वाकवून 'रागाने ओढतात तसं' म्हणत होती, तेव्हा ती चिमणीचं बोलत नव्हती. आरशापुढे ती वस्तूचं कौतुक करत नव्हती. तो परत येईल हे तिला माझ्याही आधी ठाऊक होतं. तिने फक्त पुढच्या वेळी कान वाचावा एवढी सोय केली होती. आणि मी ती काढून घेतली.

बाही चुकीच्या बाजूने उसवली. पुन्हा शिवून द्यावी लागेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पण तो आता तसा राहिला नसेल. भाऊ खोटं कशाला सांगेल? माणसं बदलतात. वर्षभर परक्या घरी खाली मान घालून राहणं काय सोपं आहे?

सूनबाई माझ्याशी नेहमीसारखी बोलते. चहा घेणार का, औषध घेतलं का. कान मोकळे आहेत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

रिंगा पुन्हा होत्या तशा करून आणाव्यात म्हणून निघाले. एवढं तर करता येईल असं वाटलं. रुमालात बांधून सोनाराच्या दुकानापर्यंत गेले. आत गिऱ्हाईक होतं, म्हणून बाहेर पायरीशी थांबले आणि त्याला काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले. फिरकी काढ. खाच पहिल्यासारखी घास. का म्हणून विचारलं तर?

माझा मुलगा घरी येतोय. त्याने ओढलं तर सुटली पाहिजे.

हे वाक्य माझ्या मनात अगदी स्पष्ट उमटलं. मी तिथेच पायरीवर बसले. सोनाराने काचेतून बघितलं, हाताने या म्हणून खूण केली. मी नुसती मान हलवली आणि उठून घरी आले. रिंगा आहेत तशाच आहेत.

भावाला फोन करून 'आणू नकोस' म्हणावं असं दोनदा मनात आलं. दोनदा फोन हातात घेतला. पोरगं वर्षभराने आईच्या हातचं जेवणार आहे. माझ्याच्याने झालं नाही.

१ मार्च, रविवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते. उद्या मला ते वेगळं आठवायला लागेल, माझा स्वभाव मला माहीत आहे.

दोघं साडेबाराला आले. चिरंजीव वाळलेत. गालाची हाडं दिसतात. माझ्या पाया पडला तेव्हा मानेवरची हाडंसुद्धा दिसली आणि मला भरून आलं. चिमणीला चावीचं बदक आणलं होतं. सूनबाईला म्हणाला, "कशी आहेस?" ती म्हणाली, "बरी." केस तिने आज घट्ट वर बांधले होते. घरात पाहुणा असताना वर्षभरात पहिल्यांदा. कान उघडे, रिकामे. व्रण दारातूनही दिसत होता. तो बघायचं टाळत होता, त्याचा मामा वळून वळून बघत होता.

जेवताना सगळं चांगलं चाललं होतं. तो माझ्या हाताला चव आहे म्हणाला. मामा गोदामातल्या गमती सांगत होता. मी मनात म्हणत होते, बघ, उगाच घाबरत होतीस.

जेवण उरकत आलं तेव्हा त्याने चिमणीला मांडीवर घेतलं. बदक जमिनीवर फिरत होतं. तिच्या कानात बोट घालून गुदगुल्या करत तो म्हणाला, "काय गं चोरटे? आईचं कानातलं तूच ओढलंस ना? बघ बरं, केवढं लागलं आईला!" आणि मामाकडे बघून हसला.

चिमणी मांडीवरून घसरली. दोन्ही हात पाठीमागे नेले. "मी परत नाही ओढणार," ती म्हणाली. "मी हात असे ठेवते."

सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

मी माझ्या मुलाकडे बघत होते. तो लबाडी करतोय असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. तसं काही नव्हतं. वर्षभर सगळ्यांनी सांगून सांगून त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभसुद्धा जळला नव्हता.

"तिने नाही ओढलं," मी म्हणाले. "तू ओढलंस."

"आई, आता पुन्हा ते कशाला?"

"तू ओढलंस. मी मशीन थांबवून आत आले तेव्हा रिंग तुझ्या मुठीत होती. हिचे दोन्ही हात कानावर होते. चिमणी पलंगावर झोपली होती."

"ताई, जेवणावर..." भाऊ म्हणाला.

"हिने तुला शिकवलंय हे," तो म्हणाला. उठून उभा राहिला. आवाज चढला नव्हता. पण त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या हाताच्या शिरा फुगल्या. सूनबाईने तांब्या खाली ठेवला, चिमणीला ओढून स्वतःच्या मागे घेतलं आणि तिचा हात आपोआप कानावर गेला. कानात काहीही नसताना गेला.

ते मी पाहिलं. तेवढं पुरलं.

"भाऊ, याला घेऊन जा," मी म्हणाले. "हा इथे राहायला येणार नाही. सामान आणू नका, दिवस ठरवू नका. मी आहे तोवर हा या घरात राहणार नाही, आणि मी नसेन तेव्हा घर हिचं असेल."

"ताई, पोटचा पोरगा आहे तुझा!"

"म्हणूनच मी सांगतेय. दुसऱ्या कोणी सांगितलेलं तो ऐकायचा नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी पडला की आधी माझ्याकडे बघायचा, रडायचं की नाही ते ठरवायला, तसंच. मग म्हणाला, "मेलीस तरी येणार नाही," आणि चपला घालून निघाला. भाऊ त्याच्या मागे. ताटात त्याचा अर्धा घास राहिला होता. ते ताट उचलताना मला रडू फुटलं. सूनबाईने माझ्या हातातून ताट घेतलं नाही. शेजारी उभी राहून बाकीची भांडी घासत राहिली. मला तेच बरं वाटलं.

२ मार्च, सोमवार

चिमणीला मांडीवर घेऊन सांगितलं. तू नाही ओढलंस. बाबाने ओढलं होतं. आजीने, आईने, सगळ्यांनी तुझं खोटं नाव सांगितलं.

तिने बराच विचार केला. "मग मी काय केलं होतं?"

"तू झोपली होतीस."

"मी काहीच नाही केलं?"

"काहीच नाही."

"शेजारच्या काकूंना सांग," ती म्हणाली. मी तशीच उठले आणि दार वाजवून शेजारणीला सांगितलं. ती बिचारी पीठ माखल्या हातांनी उभी राहिली. घरी येऊन मी चिमणीला म्हटलं, सांगितलं. मग ती बदकाशी खेळायला गेली.

मला सुटल्यासारखं वगैरे काही वाटत नाही. माझा मुलगा आहे. काल तो भरल्या ताटावरून उठून गेला, एवढंच राहून राहून मनात येतं. तो काही एका जेवणाने मरत नाही हेही कळतं. दोन्ही एकदमच कळतं, त्याला इलाज नाही.

संध्याकाळी मी डबी सूनबाईपुढे ठेवली. "चल, पहिल्यासारखा खटका करून आणू. माझं चुकलं."

तिने रिंग हातात घेतली, फिरकी फिरवून पाहिली. "राहू दे," ती म्हणाली. "आता अशीच बरी. हरवायला नको."

९ मार्च, सोमवार

बसस्थानकावरच्या ड्रायव्हर लोकांचे गणवेश तयार होते. एरवी त्यांचा माणूस येऊन घेऊन जातो. आज मी स्वतःच गाठोडं घेऊन गेले. निमित्तच हवं होतं. सूनबाईचा खिडकीतला पहिला दिवस.

चौकशीच्या खिडकीपुढे रांग होती. मी रांगेत उभी राहिले, नाही तर ती मला बघून उगाच उठली असती. तिने केस वर बांधले होते. कानात रिंगा होत्या आणि त्या बोलताना किंचित हलत होत्या, हात एकदाही तिकडे जात नव्हता. आवाज मी विसरलेच होते तिचा हा. घरात ती हळू बोलते. इथे काचेपलीकडून तिचं शेवटच्या माणसालाही ऐकू जात होतं.

माझ्यापुढे एक बाई होत्या, वयाने माझ्याएवढ्या. गाडीचं विचारून झालं तरी त्या हलेनात. काचेला नाक लावून बघत होत्या.

"अगं बाई, तुझ्या कानाला काय गं झालं एवढं?"

मी गाठोडं छातीशी धरलं. मागे दहा-बारा माणसं होती.

"नवऱ्याने ओढलं होतं," सूनबाई म्हणाली, फलाटाचा नंबर सांगतात त्याच आवाजात. "तुमची गाडी चार नंबरला लागलीय, लवकर जा, सुटेल. हं, पुढे कोण आहे?"

पुढे मीच होते.